दुसऱ्यांच्या सामन्याची वाट

सकाळपासून हॉटेलच्या बोळात बॅगा पडून होत्या. भरलेल्या, चेन लावलेल्या, पण खाली नेलेल्या नाहीत. सामान बघणाऱ्या माणसानं प्रोफेंना, म्हणजे संघाच्या प्रशिक्षकांना, दोनदा विचारलं होतं, बसमध्ये चढवू की खोल्यांत परत ठेवू, आणि प्रोफेंनी दोन्ही वेळा एवढंच सांगितलं होतं, "असू दे तिथंच." त्यामुळे बोलिव्हियाच्या संघातला जो तो त्या बॅगांना वळसे घालत, ठेचकाळत, कुरकुरत फिरत होता.

सगळ्यांत जास्त फिरत होता सेवेरो कोल्के. खोलीतून जिन्याशी, जिन्यावरून मागच्या अंगणात, अंगणातून पुन्हा खोलीत. पायाला भिंगरी लागल्यासारखी त्याची गत झाली होती.

सेवेरो संघाचा कॅप्टन आणि गोलकीपर. पस्तिशी उलटलेली. ही त्याची शेवटची कोपा अमेरिका स्पर्धा, असं तो सोडून बाकी सगळे उघड बोलत. काल गटातला शेवटचा सामना पेरूशी झाला. एक-शून्यनं पुढे होते, खेळ संपत आला होता, आणि डावीकडून एक साधा उंच चेंडू गोलासमोर आला. असले चेंडू सेवेरोनं आयुष्यभर डोळे मिटून पकडले होते. हा हातमोज्यांतून निसटला, खांद्यावरून घरंगळला आणि रेषेच्या आत गेला. बरोबरी. जिंकले असते तर गटात दुसरे आले असते आणि थेट उपांत्यपूर्व फेरीत गेले असते. आता तिसरे. आणि तिसऱ्यांचं नशीब दुसऱ्यांच्या पायांशी बांधलेलं. तीन गटांतल्या तीन तिसऱ्यांपैकी दोघं पुढे जाणार, एक घरी. आज दुपारी इक्वादोर आणि चिली यांचा सामना होता. इक्वादोर जिंकलं तर बोलिव्हिया बाहेर. बाकी काहीही झालं तरी आत.

संघात त्याला कुणी तोंडावर काही बोललं नव्हतं. उलट नाश्त्याला सगळे जरा जास्तच गोड वागले. पोरांनी त्याच्यापुढे चिपाची, चीजच्या पावांची, टोपली सरकवली, कुणी कॉफी ओतून दिली. त्या गोडव्यानंच त्याला कानकोंडं केलं.

पण त्याचा जीव खरा टांगणीला लागला होता तो निराळ्याच गोष्टीनं, आणि ती त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. कोचाबांबाजवळ किल्याकोयोत त्याची थोरली बहीण निएवेस होती. आई गेली तेव्हा सेवेरो अजून दुधाच्या दातांचा होता. त्याला वाढवलं निएवेसनं. बाजारात पहाटे जांभळ्या मक्याचं गरम आपी विकून तिनं त्याला बूट घेऊन दिले, आणि मॅच हरून आला की घरात न घेता आधी अंगणात पाय धुवायला लावलं. लहानपणी दोघं मातीच्या घरात राहायची, तिथं भिंतींच्या भेगांत विंचुका किडे असत. त्या किड्याचा रोग वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि मग काळीज पोखरतो. सेवेरो सुटला, निएवेस नाही. तिच्या काळजाच्या भिंतीला फुगा आला होता, आणि तो छाती उघडून कापून काढायचा होता. काल मैदानात उतरण्याआधी त्यानं फोन पाहिला तर तिचा निरोप होता: "गुरुवारी सकाळी करणार. तू खेळ. इकडं यायचं नाव काढू नको."

आज मंगळवार. संघ बाहेर पडला तर उद्या सकाळचं विमान, म्हणजे संध्याकाळी तो तिच्या उशाशी. संघ आत राहिला तर शनिवारी इथंच, पॅराग्वेच्या असुन्सियोनमध्ये, यजमानांशी उपांत्यपूर्व सामना. म्हणजे निएवेसची छाती उघडतील तेव्हा तो इथल्या हिरवळीवर उड्या मारत असणार.

म्हणून सकाळपासून त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती आणि तिची त्याला शरम वाटत होती. इक्वादोर जिंकावं असं त्याला वाटत होतं.

दुपारी जेवणाआधी तो खोलीत आला तेव्हा रोलो पलंगावर पालथा पडून मोबाइल बघत होता. रोलो हुस्तिनियानो राखीव गोलकीपर. सान्ता क्रूसच्या सखल, उष्ण मुलखातला, बोलघेवडा. सेवेरोसारख्या डोंगराळ भागातल्या माणसांना तो कोया म्हणून चिडवायचा, सेवेरो त्याला काम्बा म्हणायचा, आणि गेली कित्येक वर्षं दोघं प्रत्येक दौऱ्यावर एकाच खोलीत राहत आले होते. त्या सगळ्या वर्षांत देशाच्या मोठ्या सामन्यात रोलो एकदाही खेळला नव्हता.

"बस की रे जरा," रोलो म्हणाला. "तुझ्या फेऱ्यांनी मला घेरी यायला लागली."

"बसवत नाही."

"एक गोल गेला म्हणून? मला बघ, मी दहा वर्षांत एकसुद्धा खाल्ला नाही. कुणी खेळवलंच नाही."

सेवेरो हसला नाही. रोलो उठून बसला.

"काय झालंय ते सांग. ताकाला जाऊन भांडं लपवू नको. काल मॅचआधी फोन बघून तुझा चेहरा उतरला तो अजून वर आला नाही."

मग सेवेरोनं सांगितलं. बहिणीचं, गुरुवारचं, सगळं. फक्त इक्वादोरचं सांगितलं नाही. सांगताना तो खिडकीशी उभा होता, रोलोकडे पाठ करून.

"मग जा ना," रोलो म्हणाला. "आत आलो तरी जा. प्रोफे काय तुला बांधून ठेवणार आहेत?"

"आणि गोलात कोण?"

सेवेरोच्या मनात आलं, सोपं आहे त्याला म्हणायला. मी गेलो की याचं फावलं. इतकी वर्षं टपून बसलाय. असा विचार येताच त्याची त्यालाच घाण वाटली, पण विचार गेला नाही. त्यानं मागे वळून पाहिलं. रोलोच्या तोंडावर त्याला वाटलं होतं तसलं काहीच नव्हतं. रोलो दोन्ही तळहात मांड्यांवर घासत होता.

"एक खरं सांगू?" रोलो म्हणाला. "तू हसशील."

"सांग."

"जाऊ नको."

सेवेरो त्याच्याकडे बघतच राहिला.

"तोंडानं म्हणतो जा. माणसानं तेच म्हणायला हवं. पण शनिवारी यजमानांच्या मैदानात, भरल्या स्टेडियममध्ये मी... सेवेरो, मला बेंचची सवय झालीय रे. तिथून सगळं दिसतं आणि काही होत नाही. माझी आई गावात सगळ्यांना सांगते, माझा मुलगा राष्ट्रीय संघात आहे. तेवढ्यावर आमचं दोघांचं छान चाललंय. एका दुपारी सगळं उघडं पडायचं."

"तू चांगला गोली आहेस."

"सरावात."

खालून जेवणाची हाक आली. दोघंही बोळातल्या बॅगा ओलांडत खाली गेले. प्रोफे सान्दोवाल एका कोपऱ्यात सूप ढवळत बसले होते, चमचा तोंडाशी नेतच नव्हते. ते म्हातारे नव्हते, पण गेल्या तीन सामन्यांनी त्यांना पिकवलं होतं.

सामना सुरू झाला तेव्हा जेवणघरातच मोठ्या टीव्हीपुढे खुर्च्या मांडल्या. पोरं एकमेकांना चिकटून बसली. कुणी इक्वादोरच्या खेळाडूंना शिव्या देत होतं, कुणी चिलीवाल्यांना नावं घेऊन गोंजारत होतं. एरवी चिली म्हटलं की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, जुन्या युद्धात बोलिव्हियाचा समुद्र चोरला म्हणून ज्यांना शाळेपासून शिव्या घालायला शिकवलंय, तेच आज "चल रे भावा, अडव, अडव" म्हणून विनवत होते.

"आज एवढा एक दिवस समुद्र माफ," मधल्या फळीतला एक जण म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदा सगळे मनापासून हसले.

सेवेरोला तिथं बसवेना. पहिला अर्धा वेळ त्यानं अंगणात काढला. तिथं संघाच्या बसचा ड्रायव्हर, एक जाडजूड पॅराग्वेयन, बसच्या पायरीवर बसून थंड तेरेरे, यर्बाच्या पाल्याचा चहा, नळीनं ओढत होता. त्यानं न विचारता शिंगाचा पेला पुढे केला. सेवेरोनं घेतला.

"उद्या विमानतळावर जायचं का सरावाच्या मैदानावर?" ड्रायव्हरनं विचारलं.

"तुम्हाला कुठं जायला आवडेल?"

"मला? मला विमानतळ. आत राहिलात तर शनिवारी आमच्याशी खेळाल. माझी बायको म्हणते, ज्यांना बसमधून फिरवलं त्यांना हरवायला बरं वाटत नाही."

सेवेरोनं पेला परत दिला. आतून एकदम आरडाओरड झाली. तो धावत दाराशी गेला. काही नव्हतं, इक्वादोरचा एक फटका आडव्या खांबाला लागून गेला होता. सगळे कपाळाला हात लावून बसले होते. सेवेरो दारातच उभा राहिला. आपण धावत आलो ते कशासाठी, गोल झाला असेल या आशेनं की भीतीनं, हे त्याला स्वतःलाच सांगता आलं नसतं.

दुसऱ्या अर्ध्यात तो दाराच्या चौकटीला टेकूनच उभा होता. शून्य-शून्य. चिलीनं आत बसून किल्ला लढवायचं ठरवलेलं दिसत होतं. इक्वादोर लाटेसारखं येत होतं आणि परत जात होतं. प्रत्येक लाटेला सेवेरो मनातल्या मनात म्हणत होता, घाला, एकदाचा घाला. आणि समोर त्याचेच भाऊबंद, ज्यांना त्यानं मिठ्या मारल्या, शिव्या दिल्या, ज्यांच्या पोरांच्या बारशांना तो गेला, ते सगळे त्याच्याकडे पाठ करून हात जोडत होते. त्याला तिथून निघून जावंसं वाटत होतं आणि पाय हलत नव्हते.

खेळ संपायला आला तेव्हा चिलीच्या बचावपटूच्या हाताला चेंडू लागला. पंचानं पडद्यावर पुन्हा पाहिलं आणि बोट दाखवलं. पेनल्टी.

जेवणघरात कुणी ओरडलं नाही. कुणी खुर्चीखाली डोकं घातलं, कुणी उठून भिंतीकडे तोंड केलं. प्रोफेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

सेवेरोच्या मनात लख्ख आलं, झालं. उद्या सकाळी विमान. संध्याकाळी ताई. त्याच्या छातीवरचा दगड उतरलाच होता. इक्वादोरचा खेळाडू चेंडूपाशी उभा होता. त्यानं दोन पावलं मागे घेतली, मग पळत आला, आणि शेवटच्या पावलाला त्याचा टेकलेला पाय किंचित आत वळला.

सेवेरो नकळत झेपावला आणि त्याचा खांदा दाराच्या चौकटीवर आदळला. दोन्ही हात डावीकडे, खाली, पसरलेले. चिलीचा गोलकीपरही तिकडेच झेपावला होता. चेंडू त्याच्या मनगटाला लागून बाहेर गेला.

मग जे काही झालं ते सगळ्या हॉटेलनं ऐकलं. खुर्च्या उलटल्या, सूपची भांडी पडली, माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळली. कुणीतरी सेवेरोला उचललं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सगळ्यांना वाटलं, कॅप्टनच्या छातीवरचं ओझं उतरलं, कालचा गोल माफ झाला. त्या गोंधळात रोलो तेवढा उडी न मारता आपल्या खुर्चीतच बसून होता. दोघांची नजरानजर झाली. रोलोनं हळूच मान हलवली, ती होकाराची की नकाराची ते कळलं नाही.

सेवेरो तसाच प्रोफेंकडे गेला. ते चष्मा शोधत होते. तो टेबलावरच होता. सेवेरोनं त्यांच्या हातात दिला.

"प्रोफे, मला उद्या घरी जायचंय."

सान्दोवालना वाटलं, त्यांनी चुकीचं ऐकलं. त्यांनी त्याला बाहेर नेलं. तिथं सेवेरोनं सांगितलं, आणि या वेळी काही मागे ठेवलं नाही. इक्वादोर जिंकावं असं वाटत होतं, तेही सांगितलं.

प्रोफेंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"हे काल मॅचआधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला खेळवलं नसतं."

"नसतंच खेळवलं. आणि मग आपण दुसरे आलो असतो." ते चिडून बोलले, पण लगेच त्यांचा आवाज उतरला. "माझी आई गेली तेव्हा मी मोंतेविदेओत एका मैत्रीपूर्ण सामन्यात होतो. मैत्रीपूर्ण. निकालसुद्धा आठवत नाही. जा तू. पण एक ऐकून ठेव. जो सराव करेल तोच शनिवारी खेळेल. तू परत आलास तरी जागा राखून ठेवणार नाही. रोलोला दोन दिवस सांगायचं तू खेळणार, आणि मग त्याला खाली बसवायचं, हे मला जमणार नाही."

"कळलं."

"आणि ते इक्वादोरचं दुसऱ्या कुणाला सांगू नको. लोकांना कळणार नाही."

बुधवारी संध्याकाळी सेवेरो कोचाबांबाच्या हॉस्पिटलात पोचला. निएवेस पलंगावर उशांना टेकून बसली होती, वेण्या पुढे घेतलेल्या, आणि शेजारच्या पलंगावरच्या बाईला आपीत दालचिनी किती घालायची ते सांगत होती. त्याला बघताच तिचा चेहरा फुलला, आणि मग लगेच तिला राग आला.

"तुला काय सांगितलं होतं मी?"

"यायचं नाव काढू नको म्हणालीस. मी नाव न काढता आलो."

"शहाणाच आहेस. आणि ऐक, ते गुरुवारचं पुढे गेलंय. मला ताप आलाय, खोकला आहे. डॉक्टर म्हणाले, आधी छाती साफ होऊ दे. सोमवारी करू."

सेवेरो मटकन स्टुलावर बसला. सोमवारी. म्हणजे तो शनिवारी खेळू शकला असता. रविवारी इथं आला असता. सगळं जमलं असतं. त्याला हसू यायला लागलं, ते थांबेना, आणि हसता हसता त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. निएवेस त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. तिचे हात पूर्वीसारखेच खरखरीत होते, फक्त गार.

"आता परत जा," ती म्हणाली.

"जागा गेली. रोलो खेळणार. मी गेलो तरी बेंचवर."

"मग बेंचवर बस."

"कॅप्टननं?"

"का, बेंचला काटे असतात? इथं बसून काय करणार आहेस, माझे श्वास मोजणार?"

गुरुवारचा सगळा दिवस तो तिच्याजवळ राहिला. तिला सूप भरवलं, तिचे कपडे धुऊन गच्चीवर वाळत घातली, आणि दर थोड्या वेळानं उठून खिडकीशी गेला. दुपारी त्यानं रोलोला फोन लावला.

"ताई कशी आहे?" रोलोनं विचारलं.

"सोमवारवर गेलं. ताप आहे."

"अरे देवा." मग जरा थांबून, "म्हणजे तू येऊ शकतोस."

"येऊ शकतो. पण खेळणार तूच."

"सकाळी दोनदा ओकलो मी, सेवेरो. पोरांना सांगितलं, चिपा बाधला."

"येतो मी," सेवेरो म्हणाला. "शेजारी बसायला."

शुक्रवारी संध्याकाळी तो असुन्सियोनला पोचला. प्रोफेंनी त्याच्याकडे पाहिलं आणि राखीव गोलकीपरची जर्सी त्याच्या हातात दिली. कॅप्टनची पट्टी दुसऱ्याच्या दंडावर गेली होती.

शनिवारी स्टेडियम कानठळ्या बसवत होतं. रोलो मैदानात गेला तेव्हा पांढराफटक पडला होता. पहिल्याच लाथेला चेंडू सरळ बाहेर मारला. लोक खिदळले. सेवेरो बेंचवरून उठून रेषेपाशी गेला. चौथ्या पंचानं त्याला मागे ढकललं. तो पुन्हा गेला. त्यानं काही ओरडून सांगितलं नाही, फक्त रोलोला दिसेल असा उभा राहिला. अर्ध्या तासानं रोलोनं एक जवळचा हेडर बोटांच्या टोकांनी वर उचलला, आणि त्यानंतर तो निराळाच माणूस झाला. डरकाळ्या फोडून बचावपटूंना हलवायला लागला.

मध्यंतरात तो सेवेरोशेजारी येऊन बसला. घामानं निथळत होता.

"बोल काहीतरी."

"काय बोलू? उजव्या बाजूला जरा पुढे उभा राहा. बाकी माझं काही म्हणणं नाही."

"पाय कापतायत."

"माझे अजून कापतात. लोकांना वाटतं, उड्या मारतोय."

शेवटी बोलिव्हिया हरलं. एक-शून्य. गोल गेला तो लांबून मारलेल्या फटक्यावर. वाटेत एका पायाला लागून वळला, कुणाचीच चूक नव्हती. सामना संपल्यावर रोलो गुडघ्यांवर बसून रडला. पॅराग्वेचा गोलकीपर पळत आला आणि त्यानं रोलोशी जर्सी बदलली. रोलो ती छातीशी धरून आत आला.

"आईला काय सांगू?" त्यानं विचारलं.

"तिनं बघितलंय," सेवेरो म्हणाला.

सोमवारी सकाळी निएवेसला ढकलगाडीवरून आत नेलं तेव्हा सेवेरो दारापर्यंत तिचा हात धरून चालला. वॉर्डातल्या सगळ्या बायकांनी मिळून सामना पाहिला होता, आणि तिला त्यावर बोलायचं होतं.

"तो काम्बा बरा आहे रे. पाय हलके आहेत त्याचे. तुझ्यापेक्षा."

"आता तोच खेळेल बहुतेक."

"खेळू दे. तू मात्र दोनच दिवसांत वाळलास."

दार बंद झालं. सेवेरो बोळात येरझारा घालत राहिला. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, शेजारच्या बाईचा मुलगा जेवून आला, झाडूवाली फरशी पुसून गेली आणि त्याला तिनं दोनदा बाजूला व्हायला सांगितलं. दुपार कलली तेव्हा डॉक्टर बाहेर आले. फुगा काढलाय, काळीज आपलं आपण चालू झालंय, पुढचे काही दिवस जपायचे, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या टोपीखाली घामाची रेघ होती. सेवेरोनं त्यांचा हात दोन्ही हातांनी दाबला.

संध्याकाळी निएवेसनं डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते. त्यानं ओल्या कापसानं पुसले.

"वार कोणता?" तिनं पुटपुटत विचारलं.

"सोमवार."

"उद्या मका भिजवायला सांग शेजारणीला," ती म्हणाली आणि पुन्हा झोपी गेली.